कचकड्यापासून पॉलिएस्टरपर्यंत

गेल्या दिवाळीपूर्वी बोदवड येथील आमच्या जुन्या घराची आवराआवर चालली असता माळ्यावरील एका पत्र्याच्या पेटीत तीन वस्तू एकत्र सापडल्या. पहिली, बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवलेले चित्रपटाच्या फितीचे तुकडे. दुसरी, आमच्या आजोबांच्या छातीचे क्ष-किरण चित्र. तिसरी, पणजोबांच्या अडतीच्या व्यवहाराचा एक मोडी कागद, जो मी स्वतः सुमारे वीस वर्षांपूर्वी शहरातील एका दुकानातून प्लास्टिकात बंद करवून आणला होता. डब्याचे झाकण उघडताच शिरक्याचा उग्र वास आला. आतील तुकडे आक्रसून, पिळवटून एकमेकांस चिकटले होते. क्ष-किरण चित्र मात्र जवळपास पन्नास वर्षांचे असूनही काल काढल्यासारखे स्वच्छ होते. वाकविले तरी ते पुन्हा सरळ होई. आणि मोडी कागद? तो दिसत होता, पण वाचता येत नव्हता. त्याची हकीकत पुढे येईल.

ह्या तिन्ही वस्तू सामान्य बोलीत 'प्लास्टिक' ह्या एकाच नावाखाली जमा होतात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्यांतील भेद कळून घेणे अगत्याचे आहे. विसाव्या शतकाची बरीचशी स्मृती कागदावर नसून पारदर्शक फितींवर उमटलेली आहे. आणि ज्या फितीवर ती उमटली तिच्या गुणदोषांवरच त्या स्मृतीचे जगणे-मरणे अवलंबून राहिले आहे. आपण बखरीची अस्सलता पाहताना कागद कोणता, शाई कोणती हे विचारतो. चित्रपटाच्या, ध्वनीच्या, छायाचित्रांच्या बाबतीत तोच प्रश्न विचारण्याची सवय आपणांस अद्याप लागलेली नाही.

बोदवड हे कापसाच्या पेठेचे गाव. भुसावळहून नागपुराकडे जाणारा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला आणि त्याच्या काठची आमच्या बाजूची गावे कापसाच्या गाठींनी मुंबईशी बांधली गेली. सरकी काढण्याचे कारखाने, हंगामात गाड्यांच्या रांगा, हवेत तरंगणारा व नाकातोंडात जाणारा तंतूंचा धुरळा, हे माझ्या बालपणाचे नित्याचे दृश्य होय. हे सांगण्याचे कारण असे की पारदर्शक फितीच्या कथेचा आरंभही कापसातच आहे. सरकीवर जी आखूड लव राहून जाते ती म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. १८४६ साली बाझेल येथील शोनबाइन ह्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणाची क्रिया करून एक भयंकर ज्वालाग्राही पदार्थ मिळविला. दिसावयास तो कापूसच, पण ठिणगी लागताच क्षणात नाहीसा होणारा. तोफांसाठी त्याचा विचार प्रथम झाला हे ओघानेच आले.

हाच नत्रयुक्त कापूस जरा सौम्य करून त्यात कापूर मिसळला तर एक चिवट, उष्णतेने मऊ होणारा आणि हवा तो आकार घेणारा पदार्थ तयार होतो, हे अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट याने १८७० च्या सुमारास सिद्ध केले. हस्तिदंती बिलियर्डच्या चेंडूंना पर्याय शोधण्याच्या नादात तो ह्या वाटेस लागला होता. त्याने त्यास सेल्युलॉइड म्हटले. आपल्याकडे त्यास कचकडे हे नाव मिळाले. कचकडे म्हणजे मूळचे कासवाच्या पाठीचे कवच. त्याची नक्कल करणारा हा नवा पदार्थ त्याच नावाने आपल्या घरांत शिरला. कचकड्याच्या फण्या, कचकड्याच्या बांगड्या आणि कचकड्याच्या बाहुल्या ज्यांच्या घरी होत्या त्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल की आपण कापूस आणि कापूर हाती घेऊन बसलो आहोत.

ह्या कचकड्याची पातळ, लांब आणि लवचीक फीत तयार करून ईस्टमन याने १८८९ साली ती बाजारात आणली. हॅनिबल गुडविन नावाच्या एका पाद्र्याने त्याआधीच, १८८७ साली, तशाच फितीच्या स्वामित्वासाठी अर्ज केला होता, आणि त्यावरून पुढे वर्षानुवर्षे खटला चालून निकाल अखेर गुडविनच्या बाजूने लागला. पण तोवर तो बिचारा निवर्तला होता. फितीवाचून सिनेमा झाला नसता हे उघड आहे. काचेच्या तुकड्यांची मालिका कितीही जलद फिरविली तरी तिचे रीळ होत नाही.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. त्यानंतर तीन वर्षांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईतील एका कुस्तीचे चित्रण केले, व १९०१ साली रँग्लर परांजपे यांचे स्वदेशी झालेले स्वागतही त्यांनी फितीवर उतरविले. एका मराठी माणसाने आपल्या डोळ्यांसमोर घडणारा इतिहास फितीवर नोंदविण्याचा हा पहिला उद्योग. पेशवे दफ्तरातील एखाद्या बातमीपत्राइतकेच त्याचे मोल आहे असे मी म्हणेन.

दादासाहेब फाळके यांची कथा सर्वश्रुत आहे. परंतु तिचा एक भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगा आहे. १९१२ साली त्यांनी लंडनहून यंत्र व कच्ची फीत आणविली. त्या फितीस कडेची छिद्रे नव्हती. अंधारात बसून ती छिद्रे पाडण्याचे, फीत धुण्याचे व वाळविण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. एक कुटुंबवत्सल गृहिणी, भोवती मुलेबाळे, घरात चूल पेटलेली आणि हाती शेकडो फूट नत्रयुक्त कचकडे! ह्या पदार्थास जळण्यासाठी बाहेरच्या हवेची गरज नसते. प्राणवायू त्याच्या घडणीतच असतो. म्हणून एकदा पेटला की पाण्यात बुडविला तरी तो जळत राहतो. सरस्वतीबाईंच्या धैर्याविषयी आजवर जे लिहिले गेले आहे त्यात ह्या एका गोष्टीची भर घालावी.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी प्रकाशित झाला. त्याच्या चार रिळांपैकी आज पहिले व शेवटचे अशी दोनच उपलब्ध आहेत, आणि तीही फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. ही एकाच चित्रपटाची गोष्ट नव्हे. आपल्या देशात सुमारे तेराशे मूकपट निघाले. पैकी संपूर्ण वा तुटक मिळून आज पाहावयास सापडतात ते तीसेक. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ सालचा. त्याची एकही प्रत शिल्लक नाही. ज्ञानेश्वरीच्या शेकडो वर्षांच्या पोथ्या आपणांस मिळतात आणि आपल्या आजोबांनी पाहिलेला चित्रपट मिळत नाही, ही गोष्ट विचार करावयास लावणारी नव्हे काय?

ह्या नाशाची कारणे दोन. एक मनुष्याची अनास्था. चित्रपटाचे खेळ संपले की रिळे म्हणजे अडगळ. त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी ती भंगारात विकली जात, आणि उरलेल्या कचकड्याच्या बांगड्या झाल्या असेही सांगतात. दुसरे कारण त्या पदार्थाचा स्वभाव. नत्रयुक्त फीत काळाच्या ओघात स्वतःच कुजू लागते. तिच्यातून आम्ल वायू निघतात, ते वायू कुजण्यास अधिक वेग देतात. फीत प्रथम पिवळी, मग चिकट, मग घट्ट गोळा आणि अखेर तपकिरी भुकटी होते. जितकी उष्णता अधिक तितका हा क्रम जलद. आमच्या खानदेशात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. अशा ठिकाणी पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या रिळाची गत काय होणार हे सांगावयास नको.

आणि ज्यास कुजण्यापासून वाचविले त्यास अग्नीचे भय राहिलेच. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ साली पुण्यास आली, आणि तिच्या 'संत तुकाराम'ने १९३७ साली व्हेनिसमध्ये गौरव मिळविला. त्या प्रभातच्या आवारात पुढे चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था उभी राहिली. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही स्थापन झाले. जानेवारी २००३ मध्ये त्याच आवारातील नत्रयुक्त फितींच्या कोठारास आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांची मूळ रिळे भस्म झाली. त्यांतील बऱ्याच चित्रपटांच्या प्रती दुसऱ्या फितीवर आधीच उतरवून ठेवल्या होत्या म्हणून सर्वस्व गेले नाही. परंतु मूळ ते मूळ. मोडी पत्राची नक्कल हाती असली तरी अस्सल पत्र जळाल्याचे दुःख इतिहासाच्या विद्यार्थ्यास कसे असते ते निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

कचकड्याच्या ह्या दाहक स्वभावावर उपाय म्हणून नत्राम्लाऐवजी सिरकाम्लाची योजना करून दुसरी फीत निघाली. तिला 'सुरक्षित फीत' म्हणत. प्रथम ती घरगुती चित्रणासाठी वापरीत. १९४८ साली तिची सुधारलेली जात आली आणि १९५० च्या सुमारास मोठ्या चित्रपटांनीही जुन्या फितीस रजा दिली. ही फीतदेखील कापसाचीच लेक. फक्त स्वभावाने शांत. जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु दहा वर्षेही झाली नाहीत तो तक्रार आली, आणि ती सर्वांत प्रथम गेली भारत सरकारकडून! उष्ण व दमट हवेत ठेवलेल्या फिती आक्रसत आहेत व त्यांस शिरक्याचा वास येत आहे, असे अमेरिकेतील उत्पादकांस कळविण्यात आले. सिरकाम्ल घालून जे बनविले त्यातून हवेतील ओलाव्याने सिरकाम्लच बाहेर पडू लागले होते. पुढे हा विकार जगभर दिसून आला. तो सांसर्गिकही आहे: आढीत एक आंबा सडला की शेजारचे बिघडतात त्याप्रमाणे एका फितीतून सुटलेले आम्ल शेजारच्या फितीस लागते.

माझ्या बिस्किटाच्या डब्याचे रहस्य ते हेच. लहानपणी गावात जत्रेच्या सुमारास तंबूचा सिनेमा येई. खेळ चालू असता फीत तुटे, अंधारात शिट्ट्यांचा गदारोळ होई, आणि यंत्र चालविणारा गृहस्थ पात्याने फितीची कड खरवडून, वासाच्या एका द्रवाचा बोळा फिरवून, दोन तुकडे चिकटवून पुन्हा खेळ सुरू करी. कापून टाकलेले तुकडे दुसऱ्या दिवशी आम्ही मुले गोळा करीत असू व भिंगातून उन्हात पाहत असू. तो द्रव आणि ते चिकटणे ह्या दुसऱ्या जातीच्या फितीचे लक्षण होय. पॉलिएस्टरची फीत तशी चिकटत नाही; तिच्यावर कोणताही साधा द्रव चढत नाही.

आता त्या तिसऱ्या पदार्थाकडे वळू. पॉलिएस्टरचा जन्म कापसाच्या घरीच व्हावा हा इतिहासाचा विनोद म्हटला पाहिजे. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत कॅरदर्स ह्या विद्वानाने १९३० च्या आगेमागे आम्ल व अल्कोहोल यांचे रेणू एकापुढे एक गुंफून लांबच लांब साखळ्या तयार केल्या होत्या. परंतु त्या साखळ्यांचा पदार्थ थोड्या उष्णतेनेच वितळे. तेव्हा तो मार्ग सोडून कॅरदर्स नायलॉनकडे वळला. त्याने सोडलेला धागा विनफील्ड व डिक्सन ह्या दोन इंग्रजांनी उचलला. ते ज्या संस्थेत काम करीत होते तिचे नाव कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन, म्हणजे सुती कापडावर छपाई करणाऱ्यांचा संघ! १९४१ साली त्यांनी टेरेफ्थॅलिक आम्ल व ग्लायकॉल यांच्या संयोगाने जो पदार्थ मिळविला तो सुमारे दोनशे साठ अंशांपर्यंत वितळत नव्हता आणि त्याची तार काढता येत होती. युद्धामुळे वार्ता काही वर्षे गुप्त राहिली. पुढे इंग्लंडात तो टेरिलीन झाला व अमेरिकेत डेक्रॉन. आपल्याकडे टेरिलीन व टेरिकॉट ह्या नावांनी तो लग्नाच्या बस्त्यात मानाने बसला. ज्या गावाचे पोट कापसावर चाले त्या गावातील नवरदेवासही टेरिकॉटची विजार हवी असे, आणि माझ्या वडिलांची तशी विजार, इस्त्रीची घडी न मोडलेली, मी पाहिलेली आहे. जळगावची खानदेश मिल व अमळनेरची प्रताप मिल बंद पडल्या, त्यांची कारणे अनेक आहेत. सगळा दोष ह्या धाग्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तरीपण १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे पॉलिएस्टरच्या धाग्याचा प्रचंड कारखाना चालू झाला, ह्या दोन घटना शेजारी शेजारी मांडण्याचा मोह इतिहासकारास आवरत नाही.

धाग्याची कथा बहुतेकांस ठाऊक असते. त्याच पदार्थाच्या पातळ पटलाची कथा तितकी परिचित नाही. वितळलेले पॉलिएस्टर रुंद फटीतून थंड रुळावर सोडले म्हणजे काचेसारखा स्वच्छ, पण दुबळा पत्रा मिळतो. तो ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापवून प्रथम लांबीच्या दिशेने सुमारे तिप्पट ताणतात. मग दोन्ही कडा चिमट्यांत धरून रुंदीच्या दिशेने तितकाच ताणतात. आणि ताणलेल्या स्थितीतच दोनशे अंशांच्या वर तापवून ती ठेवण कायम करतात. ताणण्याने सामर्थ्य कसे येते हे समजण्यास कापसाच्या गावात फार दूर जावे लागत नाही. पिंजलेल्या कापसाचा पुंजका फुंकरीने विस्कटतो. पेळू करून त्याचे तंतू एका दिशेस ओढले की सूत होते. आणि उभे-आडवे सूत एकमेकांत गुंतले की फाडता न येणारे कापड. पॉलिएस्टरच्या पटलात तेच घडते. भेद इतकाच की येथे ताणा आणि बाणा रेणूंचा असतो व तो डोळ्यांस दिसत नाही.

ह्या पटलाचे गुण आता सहज कळतील. ते ओढले तर तुटत नाही, ओलाव्याने फुगत नाही, उन्हाळ्याच्या झळीने आक्रसत नाही, बहुतेक आम्लांस व तेलांस दाद देत नाही, विजेस अडविते, आणि त्यातून कोणताही मारक वायू बाहेर पडत नाही. १९५० नंतरच्या दशकात ते बाजारात आले आणि पाहता पाहता विजेच्या यंत्रांतील वेष्टन, नकाशे काढण्याचा पारदर्शक कागद, ध्वनिमुद्रणाची फीत, क्ष-किरणांची चित्रे अशा शेकडो कामांत शिरले. १२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेने शंभर फूट व्यासाचा एक फुगा अवकाशात सोडला. त्याचे कवच म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ असे पॉलिएस्टरचे पटल व त्यावर अल्युमिनियमचा मुलामा. तो ताऱ्यासारखा चमके व पृथ्वीवरील रेडिओलहरी परतवून लावी. तोच मुलामा दिलेले पटल आज बोदवडच्या बसस्थानकावर वेफर्सच्या पुडीच्या रूपाने वाऱ्यावर उडत असते. आणि त्याच्याच बारीक पट्ट्या कापून केलेली जर स्वस्त पैठणीच्या पदरात झळकते. वेष्टनासाठी ह्या पटलास दुसऱ्या प्लास्टिकाचे थर जोडलेले असतात. ते सुटे करणे दुरापास्त म्हणून ती पुडी ना कुजत ना पुन्हा वितळवून उपयोगी पडत. जो गुण दफ्तरखान्यात वरदान तोच रस्त्यावर शाप ठरतो.

महाराष्ट्रात ह्या पटलाचा उद्योग आणण्याचे श्रेय मोटारींच्या व्यापारातून पुढे आलेले भालचंद्र दिगंबर गरवारे यांच्या घराण्याकडे जाते. त्यांनी १९५७ साली प्लास्टिकची कंपनी काढली, आणि पुढे तिने औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे पॉलिएस्टर पटलाचे कारखाने उभारले. अजिंठ्याच्या भिंतींवर ज्या प्रदेशाने चित्रे जपली त्याच प्रदेशात चित्रे जपणारे पटल तयार व्हावे हा योगायोग मला गोड वाटतो. त्यास त्याहून अधिक अर्थ चिकटवू नये. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पॉलिएस्टर कचकड्यासारखे भडकत नाही; पण ते जळतच नाही असा समज चुकीचा आहे. इगतपुरीजवळ मुंढेगाव येथील अशाच एका मोठ्या कारखान्यास १ जानेवारी २०२३ रोजी लागलेली भीषण आग पुष्कळांच्या स्मरणात असेल.

पॉलिएस्टरची राळ हे ह्याच कुळातील दुसरे अपत्य. पटल उष्णतेने पुनःपुन्हा मऊ होते, मेणासारखे. राळ एकदा घट्ट झाली की भाजलेल्या मडक्यासारखी पुन्हा मऊ होत नाही. काचेच्या तंतूंत ती मुरवून नावा, पाण्याच्या टाक्या, छपराचे पत्रे व चौकाचौकांतील 'फायबर'चे पुतळे तयार होतात. त्या पुतळ्यांच्या कलेविषयी न बोललेले बरे. परंतु एक गोष्ट मला मौजेची वाटते: आपली लाख, जी पळसा-बोरीच्या फांद्यांवर एक क्षुद्र कीटक तयार करतो, तीही रसायनशास्त्राच्या दृष्टीने एक नैसर्गिक पॉलिएस्टरच होय. म्हणजे पांडवांच्या लाक्षागृहापासून ही जात आपल्या ओळखीची आहे! बालगंधर्वांचा आवाज ज्या काळ्या तबकड्यांनी घरोघरी पोचविला त्या लाखेच्याच होत्या. त्यानंतर अनेक मैफली जतन झाल्या त्या पॉलिएस्टरच्या फितीवर. तबकडी हातातून पडली की फुटे. फीत गुंतते, पण तुटत नाही.

चित्रपटगृहांत दाखविण्याच्या प्रतींसाठी पॉलिएस्टर सर्रास वापरात आले ते १९९० नंतर, म्हणजे फितीचे युग मावळण्याच्या जरासे आधी. यंत्र अडले तर जुनी फीत तुटे आणि यंत्र वाचे. पॉलिएस्टर तुटत नाही, म्हणून यंत्रच मोडे, अशी ते चालविणाऱ्यांची तक्रार होती. दफ्तरखान्यांनी मात्र त्याचे मोल लवकर ओळखले. नीट धुतलेले, थंड व कोरड्या जागी ठेवलेले पॉलिएस्टरवरील सूक्ष्मचित्र पाचशे वर्षे टिकावे अशी आंतरराष्ट्रीय मानकांची अपेक्षा आहे. आजचे संगणकी संग्रह तर हवेत असतात असा पुष्कळांचा ग्रह आहे. पण मोठ्या संस्था आपल्या संग्रहाची दीर्घ मुदतीची प्रत ज्या चुंबकीय फितीवर ठेवतात तिचा पायाही पॉलिएस्टरच्याच कुळातील आहे.

आता त्या मोडी कागदाची हकीकत. खानदेशात एरंडोल व यावल ही गावे एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होती. चिंध्या कुटून केलेला तो जाडाभरडा कागद आम्लरहित असल्यामुळे दोनदोनशे वर्षे टिकतो; उलट गिरणीच्या कागदावर छापलेली माझ्या वडिलांची शालेय पुस्तके हात लावताच तुकडे होऊन पडतात. धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निवर्तले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात व शंकरराव देवांनी उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात अशा कागदांचा व पोथ्यांचा जो ठेवा आहे तो ह्या कागदाच्या पुण्याईनेच आपल्या हाती आला. आमचा कागदही तसाच, घडीवर थोडा विरलेला, एवढेच. त्यात कापसाच्या बोज्यांचा हिशेब होता, भाव होता, आणि ज्या शेतकऱ्यांचा माल तोलला त्यांची नावे गावांसह होती. तो अधिक विरू नये ह्या सद्धेतूने मी तो एका दुकानात नेला. दुकानदाराने तो दोन चकचकीत तावांमध्ये ठेवून तापलेल्या रुळांतून काढला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, "सर, आता शंभर वर्षं बघायला नको!"

त्या तावांची बाहेरची बाजू पॉलिएस्टरची होती हे खरे. परंतु आतील बाजूस उष्णतेने वितळणाऱ्या दुसऱ्या प्लास्टिकाचा डिंक होता. तो डिंक कागदाच्या तंतूंत शिरला. काही वर्षांनी घडीच्या जागी बुडबुडे आले, त्या भोवती कागद काळवंडला, आणि नेमक्या नावांच्या ओळी डागांखाली गेल्या. पॉलिएस्टर निर्दोष राहिले. त्याच्या आड हिशेब मेला. सोडवू पाहता कागद डिंकासह फाटून येतो. दोष दुकानदाराचा नव्हे. त्यास जे काम सांगितले ते त्याने चोख केले. इतिहास शिकविणाऱ्या मनुष्याने विचारावयास हवे होते ते विचारले नाही.

आणि विचारण्याजोगे पुष्कळ होते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पूर्वीपासून कागदावर सिरकाम्लयुक्त सेल्युलोजचे पटल व तलम कागद ठेवून अॅसिटोनच्या बोळ्याने हातानेच चिकटविण्याची पद्धत होती. तीत उष्णता लागत नसे. पुढे १९७० नंतर अमेरिकेतील काँग्रेसच्या ग्रंथालयाने त्याहून सोपी रीत रूढ केली. कागद दोन स्वच्छ पॉलिएस्टर पटलांमध्ये नुसता ठेवावयाचा आणि कागदापासून अंतर राखून फक्त कडा बंद करावयाच्या. कागदास काहीही चिकटत नाही. पटलांतील अल्पशा विद्युत्-आकर्षणाने तो आपल्या जागी राहतो. पाठपोट वाचता येतो. आणि हवे तेव्हा कड कापून जसाच्या तसा बाहेर काढता येतो. दोन पथ्ये मात्र आहेत. पटल निव्वळ पॉलिएस्टरचे, कसलाही लेप वा डिंक नसलेले असावे. आणि कागद आम्लयुक्त असेल तर प्रथम त्याचे आम्ल मारून घ्यावे, नाहीतर कोंडलेले आम्ल आतल्या आत त्यास खाते. कोळश्याने वा खडूने काढलेल्या चित्रास ही रीत चालत नाही, कारण तेच आकर्षण चित्राचे कण उचलून घेते.

पेटीच्या तळाशी पणजोबांचे आणखी अकरा कागद निघाले. ते त्या वेळी दुकानात नेण्याचे राहून गेले होते, ह्याबद्दल माझ्या आळसाचे मी आभार मानतो. पुतण्या विचारीत होता, "काका, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवले की झालं ना?" फोटो काढलेच, पण पुण्याहून पटलाचे ताव मागवून, भाद्रपदातील ओल सरल्यावर, आश्विनाच्या कोरड्या हवेत आम्ही दोघांनी ते एकेक करून त्यांत घातले. सातव्या कागदावर आमच्याच गल्लीतील एका घराण्याच्या मूळ पुरुषाचे नाव व त्याच्या सव्वादोन बोज्यांचा भाव निघाला; त्या घरी निरोप धाडला आहे. फितीचे तुकडे डब्यातून काढून, एकमेकांपासून अलग करून, पोकळ कागदाच्या पाकिटांत ठेवले आहेत. शिरक्याचा वास अजून आहे. क्ष-किरण चित्र त्यांच्यापासून दूर, दुसऱ्या खोलीतील कपाटात नेले. आणि तो डिंकात अडकलेला कागद, वाचता येत नसला तरी, इतर अकरांच्या वर ठेवला आहे.